वय, क्षमता आणि कर्तृत्व : समूहकलेच्या समीक्षेचे काही प्रश्न

प्रास्ताविक

एखाद्या स्नेहसंमेलनात किंवा संस्थेच्या वर्धापनदिनी अंध विद्यार्थ्यांचे गायन, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचे नृत्य वा वृद्धाश्रमातील रहिवाशांची नाटिका सादर होते, तेव्हा निवेदक प्रथम सादरकर्त्यांच्या अपंगत्वाचा अथवा वयाचा उल्लेख करतो. रागाचा, तालाचा किंवा नाटककाराचा उल्लेख त्यानंतर येतो. पुष्कळदा तो येतही नाही. सादरीकरण संपताच सभागृह टाळ्यांनी दुमदुमते, प्रमुख पाहुणे सद्गदित होतात आणि वृत्तांतात 'उपस्थितांचे डोळे पाणावले' असे वाक्य लिहिले जाते. गायक सुरात होता काय, नृत्याची रचना कोणी केली, नाटिकेतील शब्द कोणाचे होते, याविषयी कोणी काही विचारत नाही. तसे विचारणे असभ्यपणाचे ठरेल, असा सर्वांचा समज असतो.

प्रस्तुत लेखात या समजाचीच तपासणी करावयाची आहे. सर्व वयांच्या आणि निरनिराळ्या क्षमता असलेल्या माणसांना कलानिर्मितीत सामावून घेणारे उपक्रम गेल्या अर्धशतकात जगाच्या अनेक भागांत उभे राहिले. त्यांच्याविषयी समाजशास्त्र, आरोग्यशास्त्र व शिक्षणशास्त्र या ज्ञानशाखांत विपुल लेखन झाले. कलासमीक्षा मात्र त्यांच्यापासून बहुतांशी दूर राहिली, किंवा कौतुकाचे चार शब्द बोलून मोकळी झाली. अशा उपक्रमांना समीक्षेतून सूट देणे हे वरवर सौजन्याचे वाटले, तरी प्रत्यक्षात ते सहभागी व्यक्तीचे कलावंतपण नाकारणेच होय, असे येथे प्रतिपादन केले आहे. त्यासाठी अमेरिकेतील दोन उपक्रम आणि एक गाजलेला वाद यांचा आधार घेतला असून, शेवटी मराठी समीक्षा व महाराष्ट्रातील उपक्रम यांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

संज्ञा आणि पार्श्वभूमी

'समूहकला' ही संज्ञा येथे 'कम्युनिटी आर्ट्स' या अर्थाने योजली आहे. लोककलेहून ती भिन्न आहे. लोककलेला परंपरेचे अधिष्ठान असते. तिचे संकेत व आकृतिबंध पिढ्यानपिढ्या चालत आलेले असतात. समूहकलेत प्रशिक्षित कलावंत आणि कलेचे औपचारिक शिक्षण न घेतलेली माणसे एकत्र येऊन नवी कृती घडवितात. व्यावसायिक कलेहूनही ती भिन्न आहे, कारण सहभागासाठी गुणवत्तेची पूर्वअट तिच्यात सहसा नसते.

ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून समूहकलेला चळवळीचे रूप आले. कला ही मूठभर रसिकांची मिरासदारी राहू नये, ही तिच्यामागील प्रेरणा होती. पुढे ओवेन केली यांनी १९८४ मध्ये 'कम्युनिटी, आर्ट अँड द स्टेट' या पुस्तकात या चळवळीची आतून चिकित्सा केली. शासकीय अनुदानावरील अवलंबित्व आणि सैद्धान्तिक भूमिकेचा अभाव यांमुळे चळवळीची धार बोथट झाली, असा त्यांचा आक्षेप होता. अनुदान मिळवावयाचे तर उपयुक्तता सिद्ध करावी लागते. १९९७ मध्ये फ्रान्स्वा मातारासो यांचा 'यूज ऑर ऑर्नामेंट?' हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कलेतील सहभागाचे ५० सामाजिक परिणाम नोंदविले होते. आत्मविश्वास, परस्परसंबंध, आरोग्य, स्थानिक अस्मिता अशा अनेक बाबींचा त्यांत समावेश होता. पाओला मेर्ली यांनी २००२ मध्ये या अभ्यासाच्या पद्धतीवर टीका केली. विषमतेची कारणे कायम ठेवून कलेच्या साहाय्याने माणसांना परिस्थितीशी जुळवून घ्यावयास लावणे कितपत इष्ट आहे, हा त्यांचा प्रश्न आजही अनुत्तरित आहे.

अमेरिकेत जीन कोहेन यांनी २००१ पासून सुमारे ३०० वृद्धांच्या साहाय्याने केलेला अभ्यास याच मालिकेत येतो. वॉशिंग्टन, ब्रुकलिन व सॅन फ्रान्सिस्को येथील हे वृद्ध सरासरी ८० वर्षांचे होते. व्यावसायिक कलावंतांच्या मार्गदर्शनाखाली समूहगायन व इतर कलाप्रकारांत भाग घेणाऱ्यांची प्रकृती तुलनेसाठी निवडलेल्या गटापेक्षा अधिक समाधानकारक आढळली. या निष्कर्षाचे महत्त्व वादातीत आहे. परंतु हे वृद्ध गात कसे होते, याचे उत्तर अशा अभ्यासात सापडत नाही. तो त्या अभ्यासाचा विषयही नव्हता. अडचण अशी की, समूहकलेचे समर्थक आणि टीकाकार दोघेही तिच्या परिणामांविषयीच बोलत राहिले. कृती ही औषधाच्या गोळीसारखी मानली गेली. गोळीचा गुण पाहावयाचा असतो, तिचे रूप पाहावयाचे नसते.

संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या आणि भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारातील ३० वे कलम या दृष्टीने लक्षणीय आहे. अपंग व्यक्तींना आपल्या सर्जनशील व कलात्मक शक्तींचा विकास करण्याची संधी मिळावी, असे ते सांगते. मात्र ही संधी त्यांच्या स्वतःच्या हितापुरती मर्यादित नसून समाजाच्या समृद्धीसाठीही आहे, अशी जोड त्याला दिलेली आहे. ही जोड फार महत्त्वाची आहे. समाज समृद्ध झाला की नाही हे ठरविण्यासाठी कृतीकडे कृती म्हणून पाहावेच लागते.

डान्स एक्स्चेंज : वृद्ध देह आणि नृत्याचा आकृतिबंध

लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यरचनाकार. १९७५ मध्ये त्यांच्या आईचे कर्करोगाने निधन झाले. त्या अनुभवावर रचना करताना मृत आईचे स्वागत करणाऱ्या पूर्वजांच्या भूमिकांसाठी त्यांना वृद्ध माणसे हवी होती. म्हणून त्या वॉशिंग्टनमधील वृद्धांच्या एका निवासस्थानी गेल्या आणि तेथे नृत्याचे वर्ग घेऊ लागल्या. त्यातून 'वूमन ऑफ द क्लिअर व्हिजन' ही रचना सिद्ध झाली. १९७६ मध्ये त्यांनी 'डान्स एक्स्चेंज' ही संस्था स्थापन केली. तिच्या छत्राखाली 'डान्सर्स ऑफ द थर्ड एज' हा ज्येष्ठांचा संच उभा राहिला आणि कालांतराने ज्येष्ठ नर्तक संस्थेच्या मुख्य संचाचाच भाग झाले. विशीतील प्रशिक्षित नर्तक आणि सत्तरी गाठलेल्या व्यक्ती एकाच रंगमंचावर दिसू लागल्या.

येथे आरंभबिंदू ध्यानात घेण्याजोगा आहे. वृद्धांचे कल्याण साधावे या हेतूने लर्मन त्या निवासस्थानी गेल्या नव्हत्या. त्यांच्या कलाकृतीला वृद्ध देहांची गरज होती. तरुण नर्तकाला पांढरा टोप घालून वाकून चालावयास लावले असते, तर ती नक्कल झाली असती. आयुष्य जगलेल्या देहाची मंद गती, तोल सावरण्याची त्याची रीत, हात उचलण्यापूर्वीचा क्षणभराचा विराम हे सारे त्या रचनेचे द्रव्य होते. देणारा आणि घेणारा यांचे नेहमीचे नाते येथे उलटले. कला वृद्धांना काही देत होती हे खरे. पण कलेला वृद्धांकडून जे मिळत होते ते दुसरीकडे कोठेही मिळण्यासारखे नव्हते.

पाश्चात्त्य अभिजात नृत्यात उंच उडी, ताणलेला पाय आणि गुरुत्वाकर्षणावर मात केल्याचा आभास यांना केंद्रस्थान आहे. त्या निकषांवर सत्तर वर्षांचा देह उणाच ठरणार. अशा वेळी दोन मार्ग संभवतात. पहिला मार्ग निकष तेच ठेवून गुणदानात दया दाखविण्याचा. दुसरा मार्ग असा की, नृत्य म्हणजे काय, हा प्रश्न पुन्हा विचारावयाचा आणि त्या देहातून कोणती नवी हालचाल शक्य होते याचा शोध घ्यावयाचा. लर्मन यांनी दुसरा मार्ग पत्करला. नृत्य कोणी करावे, ते कोठे घडावे, कशाविषयी असावे आणि त्याचे महत्त्व काय, या चार प्रश्नांभोवती त्यांनी आपल्या कामाची मांडणी केली. १९८६ मध्ये स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या शताब्दीनिमित्त रचलेल्या 'स्टिल क्रॉसिंग' या स्थलांतरविषयक नृत्यात शेवटी स्थानिक ज्येष्ठ नागरिक रंगमंचावर येतात. त्यांच्या येण्याने समूहाचा आकार वाढतो, एवढेच घडत नाही. स्थलांतर हा केवळ इतिहासाचा विषय राहत नाही. त्याच्या खुणा वागविणारी पिढी प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष उभी राहते. या व्यक्तींना वगळले, तर रचनेचा शेवटच नाहीसा होईल.

१९९४ ते १९९६ या काळात पोर्ट्समाउथ येथील नौदलाच्या गोदीविषयी झालेल्या प्रकल्पातही हेच सूत्र दिसते. १८०० पासून चालू असलेली ही गोदी बंद होण्याची भीती त्या काळात व्यक्त होत होती. गोदीतील कामगार व परिसरातील रहिवासी यांच्या आठवणी आणि कामाच्या वेळच्या हालचाली यांतून नृत्यरचना आकाराला आल्या. कामगाराच्या हातांची सवय हीच तेथे मुद्रा झाली.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. आठवणी आणि कथने यांवर भर दिल्यामुळे शब्द नृत्याला झाकोळण्याचा धोका तिच्यात कायम असतो. शिवाय सामग्री अनेकांची असली, तरी निवड व रचना यांचा अंतिम अधिकार प्रामुख्याने नृत्यरचनाकाराकडेच राहतो आणि कृती ओळखली जाते ती त्याच्याच नावाने. कर्तृत्वाची वाटणी कोठपर्यंत झाली, हा प्रश्न त्यामुळे डान्स एक्स्चेंजच्या बाबतीतही विचारावा लागतो.

तथापि लर्मन यांनी टीकेचे महत्त्व ओळखले होते, ही गोष्ट विशेष होय. १९९० च्या सुमारास त्यांनी कलाकृतीवरील प्रतिसादाची चार टप्प्यांची एक पद्धत विकसित केली. पहिल्या टप्प्यात प्रेक्षक कृतीतील अर्थपूर्ण वाटलेल्या गोष्टी सांगतात. दुसऱ्यात कलावंत प्रेक्षकांना प्रश्न विचारतो. तिसऱ्यात प्रेक्षक कलावंताला प्रश्न विचारतात. मात्र त्या प्रश्नांत मत दडलेले नसावे, असा दंडक असतो. चौथ्या टप्प्यात कलावंताची अनुमती घेऊन मते मांडली जातात. या पद्धतीत प्रतिकूल मत वर्ज्य नाही. ते ऐकण्याची सिद्धता आधी निर्माण केली जाते, इतकेच. नवशिक्या वृद्धालाही आपल्या कामावर गंभीर प्रतिसाद मिळण्याचा हक्क आहे, हे येथे गृहीत धरलेले आहे.

'स्टिल/हिअर' : समीक्षकाचा नकार

समीक्षेने अशा कृतींकडे पाहावे की नाही, हा प्रश्न १९९४ च्या अखेरीस अमेरिकेत फार तीव्रतेने उपस्थित झाला. नृत्यरचनाकार बिल टी. जोन्स यांनी गंभीर व जीवघेण्या आजारांना तोंड देणाऱ्या व्यक्तींसाठी अनेक शहरांत कार्यशाळा घेतल्या होत्या. त्या व्यक्तींचे शब्द, हावभाव व चित्रफिती यांच्या आधारे 'स्टिल/हिअर' ही रचना तयार झाली. जोन्स स्वतः एचआयव्हीबाधित होते आणि त्यांचे सहकारी व जोडीदार आर्नी झेन यांचे १९८८ मध्ये निधन झाले होते. 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाच्या ज्येष्ठ नृत्यसमीक्षक आर्लीन क्रोची यांनी या रचनेविषयी लेख लिहिला. पण आपण प्रयोग पाहिलेला नाही आणि पाहणारही नाही, असे त्यांनी आरंभीच जाहीर केले. त्यांचा युक्तिवाद असा होता की, प्रत्यक्ष यातना भोगणाऱ्या व्यक्ती रसिकांपुढे आणून कलावंत समीक्षेचा मार्गच बंद करतो. ज्यांच्याविषयी केवळ करुणा वाटणे शक्य आहे, त्यांच्या कृतीचे मूल्यमापन करता येत नाही. अशा कृतींना त्यांनी 'पीडितांची कला' असे संबोधिले.

या लेखावर प्रचंड वादळ उठले. न पाहिलेल्या प्रयोगाविषयी लिहिणे हा समीक्षाधर्माचा भंग होता, यात शंका नाही. रंगमंचावर प्रत्यक्ष नृत्य करणारे जोन्स यांच्या संचातील प्रशिक्षित नर्तक होते, ही साधी वस्तुस्थितीही क्रोची यांच्या युक्तिवादाला बाध आणणारी होती. परंतु त्यांना जी अडचण जाणवली, ती काल्पनिक नव्हती. सहानुभूतीचे दडपण खरोखरच असते. आपल्याकडील स्नेहसंमेलनातील प्रेक्षकही ते अनुभवतो. फरक एवढाच की, त्या दडपणाला उत्तर म्हणून क्रोची यांनी पाठ फिरविली, तर आपला प्रेक्षक टाळ्या वाजवितो. दोघांनीही कृतीकडे पाहिलेले नसते. या अर्थाने तिरस्कारयुक्त नकार आणि सरसकट कौतुक ही एकाच वृत्तीची दोन रूपे ठरतात.

पुढील दशकात हाच वाद निराळ्या शब्दांत चालू राहिला. ग्रँट केस्टर यांनी २००४ मध्ये संवादाधिष्ठित कलेचे सौंदर्यशास्त्र मांडण्याचा प्रयत्न केला. माणसामाणसांतील संवादाची गुणवत्ता हाच कृतीचा गाभा, अशी त्यांची भूमिका होती. क्लेअर बिशप यांनी २००६ मध्ये तिला आक्षेप घेतला. सहभागी कलेचे मूल्यमापन करताना समीक्षक केवळ नैतिक निकष लावतात. सहकार्य किती प्रामाणिक होते, एवढेच पाहतात आणि कलाकृतीची कलात्मक ताकद विचारात घेत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. या दोन भूमिका परस्परविरोधी मानल्या जातात. समूहकलेच्या संदर्भात मात्र त्या एकमेकींना पूरक ठरू शकतात. निर्णय कोणी घेतले, हा प्रश्न एकाच वेळी नैतिक आणि कलात्मक असतो. निर्णयाचा अधिकार ज्याच्या हाती जातो, त्याच्या हातून आकृतिबंध बदलतो. आणि आकृतिबंधात झालेला बदल समीक्षकाला पाहता येतो, दाखविता येतो.

ज्यूडिथ स्कॉट : हेतू न सांगणारी कलावंत

कॅलिफोर्नियातील ओकलंड येथील 'क्रिएटिव्ह ग्रोथ' ही संस्था १९७४ मध्ये स्थापन झाली. मानसशास्त्रज्ञ एलियास कॅट्झ आणि चित्रकार फ्लोरेन्स लुडिन्स-कॅट्झ या दांपत्याने आपल्या घराच्या गॅरेजमध्ये तिचा आरंभ केला. मोठ्या संस्थांत कोंडून ठेवलेल्या अपंग व्यक्तींना बाहेर समाजात आणण्याचे धोरण त्या काळात अमलात येत होते. परंतु बाहेर आल्यावर त्यांनी दिवसभर करावयाचे काय, याचे उत्तर कोणापाशी नव्हते. कॅट्झ दांपत्याने त्यांना कलाशाळा वा उपचारकेंद्र यांऐवजी चित्रशाळा उपलब्ध करून दिली. तेथील कलावंत-कर्मचारी साहित्य पुरवितात, तंत्र विचारले तर दाखवितात. काय काढावे हे सांगत नाहीत. तयार झालेली कृती प्रदर्शनात मांडली जाते, विकली जाते आणि विक्रीचा वाटा तिच्या कर्त्याला मिळतो.

ज्यूडिथ स्कॉट यांचा जन्म १९४३ चा. त्यांना डाउन सिंड्रोम होता. त्यांना ऐकूही येत नव्हते; परंतु बालपणी हे बहिरेपण ध्यानात आले नाही आणि त्या शिकण्यास असमर्थ आहेत, असा निष्कर्ष काढण्यात आला. वयाच्या सातव्या वर्षी जुळ्या बहिणीपासून दूर करून त्यांना संस्थेत ठेवले गेले व सुमारे ३५ वर्षे त्या तेथेच राहिल्या. अखेर बहिणीने त्यांचे पालकत्व मिळविले आणि १९८७ मध्ये त्या क्रिएटिव्ह ग्रोथमध्ये येऊ लागल्या. जवळजवळ दोन वर्षे त्यांनी चित्रकलेत विशेष रस दाखविला नाही. नंतर तेथे आलेल्या एका धागाकलावंताच्या वर्गात त्यांनी काठ्या आणि इतर वस्तू धाग्यांनी गुंडाळण्यास सुरुवात केली. २००५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी अशा दोनशेहून अधिक कृती निर्माण केल्या. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन म्युझियमने २०१४-१५ मध्ये त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरविले.

येथे त्या दोन वर्षांचा विचार करणे आवश्यक आहे. ठरावीक मुदतीच्या कोणत्याही प्रकल्पात, महिन्याअखेर प्रगतीचा अहवाल मागणाऱ्या कोणत्याही योजनेत स्कॉट अयशस्वी ठरल्या असत्या. त्यांना वाट पाहणारी जागा मिळाली. ही प्रतीक्षा म्हणजे उपक्रमाचा व्यवस्थापकीय तपशील नव्हे. तिच्यावाचून पुढील कृतीच संभवली नसती.

दुसरा मुद्दा समीक्षेच्या दृष्टीने अधिक कळीचा आहे. स्कॉट बोलत नसत. आपल्या कृतीविषयी त्यांनी एकही विधान केले नाही. त्यामुळे समीक्षकापुढे दोनच पर्याय राहतात. एक, त्यांचे करुण चरित्र कृतीवर लादावयाचे आणि प्रत्येक गुंडाळीत जुळ्या बहिणीचा विरह पाहावयाचा. दोन, कृतीकडे पाहावयाचे. रंगांची निवड, धाग्यांच्या थरांची घनता, आत दडविलेली वस्तू आणि बाहेरचा आकार यांतील ताण, कृती पूर्ण झाली हे ओळखण्याची त्यांची खात्री, यांचा विचार करता ही निव्वळ यांत्रिक पुनरावृत्ती नाही, हे स्पष्ट होते. धागा उपलब्ध नसताना त्यांनी हात पुसण्याचे कागद गोळा करून त्यांतूनही कृती घडविली. माध्यम बदलले, तरी रचनेची जाण टिकून राहिली. चरित्र जाणून घेणे गैर नाही. पण चरित्राने पाहण्याची जागा घेऊ नये. अर्थात अशा कामाला 'बाह्य कला' असे लेबल लावून बाजार स्वतःची वेगळी पेठ निर्माण करतो आणि कलावंताचे वेगळेपण हेच विक्रीचे साधन बनवितो, हा धोकाही विसरता येत नाही.

मराठी समीक्षेच्या संदर्भात

हे प्रश्न मराठी समीक्षेला अपरिचित नाहीत. रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात कलेच्या संकल्पनेचे द्विध्रुवात्मक स्वरूप विशद केले. कला लौकिक जीवनापासून स्वायत्त आहे, असे मानणारा एक ध्रुव आणि ती लौकिक जीवनाशी निगडित आहे, असे मानणारा दुसरा ध्रुव यांपैकी कोणताही एक वगळून कलाव्यवहाराचा उलगडा होत नाही. समूहकलेविषयीची चर्चा केवळ लौकिकतेच्या ध्रुवावर स्थिरावली आहे, तर क्रोची यांचा नकार स्वायत्ततेच्या ध्रुवाला चिकटून राहतो. पाटणकरांच्या मांडणीतून या दोहोंतील एकांगीपणा ध्यानात येतो.

याहून निकटचा संबंध दलित साहित्याच्या समीक्षेशी आहे. प्रारंभीच्या काळात दलित आत्मकथनांचे स्वागत पुष्कळदा सहानुभूतीपोटी झाले. अनुभव दाहक आहे, एवढे म्हटले की वाङ्मयीन चर्चा संपत असे. दलित लेखकांनी ही सहानुभूती नाकारली. प्रस्थापित निकष आम्हांला लागू करू नका, एवढ्यावर न थांबता त्यांनी पर्यायी निकषांची मागणी केली. शरणकुमार लिंबाळे यांचे 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) हे पुस्तक या मागणीचे प्रातिनिधिक उदाहरण होय. निकषांतून सूट मागणे आणि निकष बदलण्याची मागणी करणे यांत मूलभूत अंतर आहे. सूट मिळालेला माणूस आश्रित राहतो. निकष बदलणारा माणूस कलेच्या इतिहासात भर घालतो. वृद्ध आणि अपंग कलावंतांच्या बाबतीत मराठी समीक्षेने हा धडा अद्याप पुरेसा गिरविलेला नाही.

महाराष्ट्रातील उपक्रम

सर्व वयांच्या माणसांचा कलेतील सहभाग महाराष्ट्राला नवा नाही. वारीतील दिंडीत लहान मुले आणि वृद्ध एकत्र टाळ धरतात, अभंग म्हणतात. तेथे कोणाची चाचणी घेतली जात नाही. परंतु परंपरेतील सर्वांना असलेला प्रवेश आणि नवनिर्मितीतील कर्तृत्व या भिन्न गोष्टी आहेत. म्हणून आधुनिक उपक्रमांचा स्वतंत्र विचार करणे इष्ट ठरते.

वरोऱ्याजवळील आनंदवनात बाबा आमटे यांनी १९४९ पासून कुष्ठरुग्णांसाठी जे कार्य उभारले, त्याचा पाया दान नसून श्रम हा होता. सुरुवातीच्या काळात आनंदवनातील भाजीपाला व दूध विकत घेण्यास लोक कचरत. कालांतराने ही भीती ओसरली आणि तेथील उत्पादने गुणवत्तेच्या बळावर विकली जाऊ लागली. डॉ. विकास आमटे यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या 'स्वरानंदवन' या वाद्यवृंदात कुष्ठमुक्त, अंध, मूकबधिर आणि अस्थिव्यंग असलेले कलाकार एकत्र येतात. ज्या देहांना समाजाने दृष्टीआड केले होते, ते देह रंगमंचाच्या प्रकाशात येणे ही घटना सांस्कृतिक इतिहासाच्या दृष्टीने असाधारण आहे. तरीही आनंदवनाच्याच श्रममूल्याशी प्रामाणिक राहावयाचे, तर विणलेल्या कापडाची वीण जशी पाहिली जाते, तसा गाण्याचा सूरही पाहिला पाहिजे. लोकप्रिय गीतांच्या वाद्यवृंदाचा आकृतिबंध बाहेरच्या मनोरंजनविश्वातून आलेला आहे. तो या कलाकारांच्या हाती पडल्यावर त्यात काय बदलले, ऐकू न येणाऱ्या माणसाच्या लयीने त्याला कोणते नवे परिमाण दिले, हे प्रश्न विचारणे म्हणजे उपक्रमाचे महत्त्व कमी करणे नव्हे. ते त्याला योग्य असा मान देणे होय.

रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांच्या पुढाकाराने आणि समता विचार प्रसारक संस्थेच्या सहकार्याने ठाण्यात उभा राहिलेला 'वंचितांचा रंगमंच' हा उपक्रम दुसऱ्या अंगाने महत्त्वाचा आहे. बालरंगभूमीसाठी अनेक दशके काम केलेल्या या नाटककाराने वस्त्यांमधील मुलांना स्वतःची तयार संहिता पाठ करावयास दिली नाही. मुलांनी आपल्या जगण्यातील विषय घेऊन स्वतः नाटिका रचाव्यात, यावर भर होता. येथे विषयाची निवड, भाषा व संवाद यांचा अधिकार बऱ्याच प्रमाणात मुलांकडे जातो. त्यामुळे नाट्यभाषेत काय घडले, हा प्रश्न विचारण्यास आधार मिळतो. दुर्दैवाने अशा प्रयोगांची नोंद बातमीच्या स्वरूपात होते. नाट्यसमीक्षेच्या स्वरूपात क्वचितच होते. बातमीतून उपक्रम झाला एवढे कळते. मुलांनी नाटकाला काय दिले ते कळत नाही.

महाविद्यालयांच्या दृष्टीने हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि सांस्कृतिक जीवनातील सहभागाचा स्वतंत्र कलमाद्वारे निर्देश केला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रप्रकल्प व समुदाय-सहभाग यांना श्रेयांक मिळू लागले. त्यामुळे विद्यार्थी विशेष शाळांत व वृद्धाश्रमांत जातील, कार्यक्रम बसवतील, छायाचित्रे काढतील. अहवालात 'लाभार्थींची संख्या' असा रकाना असेल आणि तो भरला जाईल. या रकान्यातील 'लाभार्थी' हा शब्द कर्तृत्वाचा प्रश्न आधीच निकालात काढतो. ज्याने नृत्य केले तो लाभार्थी आणि ज्याने पाहिले तो दाता, अशी ही मांडणी आहे. २०१५ पासून रूढ होत गेलेल्या 'दिव्यांग' या शब्दाचीही अशीच चिकित्सा करता येईल. त्यामागील आदराचा हेतू मान्य केला, तरी दिव्यत्व बहाल केलेल्या व्यक्तीच्या कृतीतील दोष दाखविणे अधिकच कठीण होते. कलावंताला देवत्वाची गरज नसते. त्याला तालमीसाठी वेळ, साहित्य आणि प्रामाणिक प्रेक्षक हवा असतो.

समारोप

वरील विवेचनातून समूहकलेच्या समीक्षेसाठी पुढील सूत्रे हाती येतात.

१) सहभागी व्यक्तींच्या जागी दुसऱ्या कोणत्याही व्यक्ती आणल्या असत्या, तरी कृती तशीच राहिली असती काय, हा समीक्षेचा पहिला प्रश्न असावा. उत्तर होकारार्थी असेल, तर सहभाग केवळ उपस्थितीपुरता होता, असे समजावे.

२) विषय, माध्यम, रचना आणि कृतीची पूर्तता यांविषयीचे निर्णय कोणी घेतले, हे पाहावे. कर्तृत्वाची वाटणी हा नैतिक प्रश्न असला, तरी तिच्या खुणा आकृतिबंधातच सापडतात.

३) उपक्रमाला लाभलेला काळ विचारात घ्यावा. एका दिवसाच्या कार्यक्रमाकडून आणि अनेक वर्षे चालणाऱ्या चित्रशाळेकडून सारखी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे ठरेल. त्याचबरोबर एका दिवसाच्या कार्यक्रमाने आपण समावेशन साधले, असा दावाही करू नये.

४) चरित्र व अपंगत्व यांची माहिती कृतीच्या आकलनास साहाय्यक म्हणून घ्यावी, ती कृतीच्या मूल्यमापनाची जागा घेणार नाही, याची दक्षता बाळगावी.

५) प्रतिकूल मत व्यक्त करण्यास संकोच करू नये. मात्र ते ऐकण्याची व त्यावर उत्तर देण्याची संधी कलावंताला मिळेल, अशी व्यवस्था असावी.

या सूत्रांचा अवलंब केल्यास काही लोकप्रिय कार्यक्रम उणे ठरतील आणि काही दुर्लक्षित प्रयोगांचे मोल वाढेल. सहभागी व्यक्तींपैकी काहींना आपले काम अद्याप कच्चे आहे, असे ऐकावे लागेल. कोणत्याही कलावंताला ते ऐकावेच लागते. वृद्ध, अपंग अथवा वंचित व्यक्तीला ते कधीच ऐकावयास मिळत नसेल, तर तिचे काम कोणी गांभीर्याने पाहिलेलेच नाही, असा त्याचा अर्थ होतो. सर्वांना कलेच्या प्रांगणात प्रवेश मिळावा, यासाठी गेल्या अर्धशतकात पुष्कळ झटावे लागले आहे. आत आलेल्या माणसाला कलावंत म्हणून वागविण्याचे काम अजून व्हावयाचे आहे, आणि त्यातील मोठा वाटा समीक्षेने उचलणे अपरिहार्य आहे.